एकाच कापडातून शंभर वेगळी फुलं: शोभादर्शक गोधडीचं कटिंग

ज्यांना पॅचवर्क येतं, मशीनवर सरळ टीप घालता येते, पण ते कॅलिडोस्कोपसारखे दिसणारे षटकोनी ब्लॉक, म्हणजे गोधडीचे एकेक जोडलेले तुकडे, बघून वाटतं की बाई गं हे आपल्याच्यानं कसं व्हायचं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. शिवणं यात अवघड अजिबात नाहीये. सगळी गंमत आणि सगळी मेहनत कापण्यात आहे, त्यातही कापण्याच्या आधी थर जुळवण्यात. तिथे एक अख्खी दुपार घालवायची तयारी ठेवा, पुढचं काम आपोआप होतं.

अमेरिकेतल्या क्विल्ट करणाऱ्या बायकांमध्ये ही पद्धत खूप चालते. कल्पना अशी की मोठ्या प्रिंटचं एकच कापड घ्यायचं, त्याच्यावरचं डिझाइन ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येत असतं ना, त्या प्रत्येक रिपीटचा एक तुकडा कापायचा, असे सहा तुकडे एकावर एक असे ठेवायचे की पानावर पान, फुलावर फूल, टोकावर टोक येईल, आणि मग सहाही थर एकदम कापायचे. प्रत्येक वेळी हातात सहा तंतोतंत सारखे त्रिकोण येतात, ते एका टोकाभोवती गोल जोडले की मधोमध एक नवीनच फूल उमलतं, जे मूळ कापडात कुठेच नव्हतं. पुढचे सहा त्रिकोण प्रिंटच्या दुसऱ्या भागातून आलेले असतात, त्यामुळे त्यांचं फूल वेगळं.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे नंतर हिरमोड होणार नाही. शाळेत आपण आरशाच्या पट्ट्या आणि बांगड्यांचे तुकडे घालून शोभादर्शक करायचो (डेव्हिड ब्रूस्टर नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १८१७ साली त्याचं पेटंट घेतलं होतं), त्यात आरशामुळे डावं-उजवं उलट दिसतं. आपल्या ब्लॉकमध्ये सहाही त्रिकोण एकाच बाजूचे असतात, उलटा एकही नाही, त्यामुळे डिझाइन गोल फिरल्यासारखं दिसतं, भिंगरीसारखं. मला तर ते आरशातल्यापेक्षा जास्त जिवंत वाटतं. पण कापड निवडताना दोन आरसे धरून बघत असाल तर हा फरक लक्षात ठेवा, आरशात जसं दिसतं अगदी तसंच्या तसं शिवल्यावर येणार नाही, अंदाज येतो फक्त.

कापड कसं निवडायचं

प्रिंट मोठं हवं. बारीक बुट्टी, छोटे ठिपके, सारख्या अंतरावरची चिमुकली फुलं यातून सगळे ब्लॉक जवळपास सारखेच निघतात, मग एवढा खटाटोप कशाला. तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी फुलं, वळणदार वेली, मोर, मोठ्या कोयऱ्या, तीन-चार रंग आणि त्यात उठून दिसणारा गडद-फिका फरक, असं शोधा. मागे मोकळी एकरंगी जागा फार असेल तर घेऊ नका, कारण बरेचसे त्रिकोण त्या रिकाम्या जागेतून येतील आणि ब्लॉक नुसता सपाट दिसेल. जे कापड ड्रेससाठी भडक वाटतं, पडद्याला बरं म्हणून आपण बाजूला ठेवतो, ते इथे बहुतेक वेळा फार सुंदर निघतं.

दुकानात बघायची सोपी युक्ती म्हणजे जाड कागदात ११ सेंटीमीटर बाजूची त्रिकोणी खिडकी कापून पर्समध्ये ठेवायची आणि ती कापडावर सरकवत न्यायची. दर वेळी खिडकीत वेगळं काहीतरी दिसलं तर कापड चांगलं. चार ठिकाणी ठेवून चारही वेळा तेच दिसलं तर पुढचा तागा उघडायला सांगा.

आता छपाईबद्दल, कारण इथे आपल्याकडच्या लोकांची हमखास फसगत होते. बगरू, सांगानेरचं हातठशाचं कापड किंवा मछलीपट्टणमची ठशांची कलमकारी मला जीव की प्राण आहे, पण या कामाला ती चालत नाही. ठसा माणसाच्या हातानं उमटवलेला असतो, प्रत्येक वेळी दोन-चार धागे इकडे तिकडे होतोच, तेच तर त्याचं सौंदर्य. पण सहा थर जुळवायला बसलात की एक पान जुळतं तेव्हा शेजारचं सरकलेलं असतं. आपल्याला हवं मशीनवर छापलेलं कापड. रोटरी छपाईत डिझाइन गोल फिरणाऱ्या जाळीच्या नळकांड्यावर असतं, त्या नळकांड्याचा घेर साधारणपणे ६४ सेंटीमीटर असतो, म्हणून अशा कापडात रिपीट ६४ सेंटीमीटरचा किंवा त्याला पूर्ण भाग जाईल असा, म्हणजे ३२, २१ च्या थोडा वर, नाहीतर १६ असा सापडतो. मुंबईत मंगलदास मार्केटला किंवा पुण्यात लक्ष्मी रोडला कॉटन केंब्रिक म्हणून जे कुर्त्यांचं कापड मिळतं ते वजनाला, पोताला अगदी बरोबर आहे. मलमल सरकते, टेरिकॉट इस्त्रीला बसत नाही, रेयॉन तर कापताना हातातून पळतं, ही तिन्ही नकोत.

रिपीट ताग्यावरच मोजायचा. काठाला लागून एखादी ठळक खूण पकडा, समजा पिवळ्या फुलाखालचं वाकडं पान, आणि काठाकाठानं पुढे जात राहा जोपर्यंत तेच पान, काठापासून तेवढ्याच अंतरावर आणि शेजारी तीच फुलं घेऊन पुन्हा येत नाही. हे शेजाऱ्यांचं बघणं महत्त्वाचं, कारण डिझायनर लोक तेच फूल मध्येच फिरवून किंवा थोडं सरकवून पुन्हा वापरतात आणि आपल्याला वाटतं रिपीट आला.

किती घ्यायचं याचा हिशोब सोपा आहे, रिपीट गुणिले सहा आणि वर थोडं जास्तीचं. ६४ चा रिपीट असेल तर ३ मीटर ८४ होतात, मी सव्वाचार मीटर घ्यायला सांगेन कारण धुतल्यावर आटतं आणि दोन्ही टोकं वाया जातात. ४४ इंच पन्ह्यातून, खाली सांगतेय त्या मापाने, शंभराच्या आसपास ब्लॉक निघतात आणि साडेचार फुटी चौकोनी गोधडी होते. रिपीट ३२ चा असेल तर सव्वादोन मीटर पुरतं, साधारण ४८ ब्लॉक निघतात, बाळाच्या दुपट्याएवढं काम होतं. दुकानदाराला स्पष्ट सांगा की एकसंध तुकडा पाहिजे, दोन ताग्यांमधून जोडून नको, कारण दुसऱ्या ताग्याचा रंगही किंचित वेगळा असू शकतो आणि ताणही.

धुणं, खळ, इस्त्री

आपल्याकडचं सुती कापड आटतं आणि बऱ्याचदा रंगही सोडतं, म्हणून कापड धुवूनच घ्या, पण कापायच्या आधी, अख्खं. तुकडे केल्यावर धुतलंत तर प्रत्येक तुकडा आपापल्या मर्जीनं आटेल आणि वाकडा होईल. अख्खं धुतलं की रिपीट ६४ चा ६२ झाला तरी बिघडत नाही, सगळे सारखेच आटलेत ना. सावलीत वाळवा, पिळून दोरीवर तिरकं टाकू नका. मग खळ, ही अजिबात टाळायची नाही. घरची तांदळाची कांजी गाळून, बाजारातली पावडर, स्प्रे, काहीही चालेल, पण कापड कडक झालं पाहिजे, कॉटनच्या साडीपेक्षाही थोडं जास्तच. कारण त्रिकोणाच्या तीन बाजूंपैकी दोन बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या, येतात आणि उरेब कापड नुसत्या हातात घेतलं तरी ताणलं जातं. इस्त्री करताना उभ्या धाग्याच्या दिशेनं इस्त्री ठेवायची, दाबायची, उचलायची. रेटत नेलीत की प्रिंट तिरपं होतं, मग थर जन्मात जुळत नाहीत.

थर लावणं

आधी अख्खं कापड मधोमध उभं फाडून २२ इंची दोन लांब पट्टे करून घ्या. उभ्या धाग्यावर कापड सरळ फाटतं, आणि ४४ इंच रुंदीचे थर जुळवण्यापेक्षा २२ इंचाचे जुळवणं खूप सोपं, घरातल्या डायनिंग टेबलवर मावतात. फाडलेली कड कुरकुरली असेल तर परत इस्त्री.

आता पहिल्या पट्ट्याचा पहिला थर कापा, एका खुणेपासून पुढच्या त्याच खुणेपर्यंत. दुसरा थर मोजपट्टीनं मोजून कापू नका, पहिला थर उरलेल्या कापडावर सुलट बाजू वर करून ठेवा, तो सरकवत सरकवत बरोबर जुळला की दिसेनासा होतो, म्हणजे अक्षरशः खालच्या प्रिंटमध्ये विरघळून जातो, कडा कुठे आहे ते शोधावं लागतं. तिथे कापा. असे सहा. मोजपट्टीपेक्षा प्रिंटवर विश्वास ठेवा, कारण कापड कुठेतरी मिलीमीटर-दोन मिलीमीटर ताणलेलं असतंच.

सहाही थर सुलट बाजू वर करून एकावर एक ठेवा, काठ जुळवायच्या भानगडीत पडू नका, काठ मागेपुढे झाले तरी चालतं. जुळवायचं ते प्रिंट. यासाठी डोकं चपटं असलेल्या लांब टाचण्या घ्या, गोल मण्याच्या नकोत, त्यांच्यावर फूटपट्टी आडवी बसत नाही. वरच्या थरावर एक अगदी नेमका बिंदू शोधा. फुलाचा मध्य असं ढोबळ नको, पानाच्या शिरेचं टोक, दोन रंगांची रेघ जिथे संपते तो कोपरा, पराग म्हणून छापलेला टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, असा बिंदू. टाचणी तिथून आरपार घाला, वरच्या थराचा कोपरा उचलून खाली वाका, टाचणीचं टोक दुसऱ्या थरावर बरोबर त्याच शिरेच्या टोकावर ठेवा आणि दाबा, मग दुसरा थर उचलून तिसऱ्यावर, असं सहाव्या थरापर्यंत. एक धागा डावीकडे गेली तरी बाहेर काढून परत घाला. शेवटी टाचणी कापडात सरळ उभी राहिली पाहिजे, देवळातल्या दीपमाळेसारखी ताठ, तिरकी दिसली तर मधला एखादा थर सरकलाय.

अशा पाच-सहा टाचण्या लावा, चार कोपऱ्यांच्या थोडं आत आणि एक-दोन मध्ये. सगळ्या उभ्या असताना हातानं थर हलकेच टाचण्यांकडे सारून सपाट करा, मग प्रत्येक उभ्या टाचणीच्या शेजारी एक नेहमीची टाचणी आडवी टोचून थर पक्के करा आणि नंतरच उभ्या काढा. आता वरून इस्त्री दाबा, खळीमुळे थर एकमेकांना थोडे चिकटतात आणि ते आपल्याला हवंच आहे. याला घाई करू नका हो. इथे एक मिलीमीटर चुकला तर मधलं फूल फाटल्यासारखं दिसतं, आणि ते नंतर कितीही चांगलं शिवलं तरी लपत नाही.

कापणं

रोटरी कटर, म्हणजे गोल फिरणाऱ्या पात्याचा कटर, लागेल, ४५ मिलीमीटरचा पुरतो पण पातं नवीन घाला. सहा थर एका फटक्यात कापले गेले पाहिजेत, बोथट पात्यानं वरचे चार कापतात आणि खालचे दोन ओढले जातात. सोबत कटिंग मॅट आणि ६० अंशांची रेघ असलेली पारदर्शक फूटपट्टी. कटर नेहमी अंगापासून लांब ढकलायचा, आणि प्रत्येक कटनंतर लगेच पातं बंद, घरात लहान मुलं असतील तर हे पुन्हा पुन्हा सांगण्यासारखं आहे.

आधी गठ्ठ्याची एक आडवी कड सरळ करून घ्या, ती आडव्या धाग्याला समांतर येईल अशी. मग तिथून पावणेचार इंच म्हणजे साडेनऊ सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा, कटरच्या वाटेत येणाऱ्या आडव्या टाचण्या आधी थोड्या बाजूला घेऊन. पट्टी कापताना डाव्या हाताची बोटं फूटपट्टीवर पसरून दाबा आणि कटर पुढे जाईल तसा हातही पुढे चालवत न्या, नाहीतर शेवटच्या टोकाला फूटपट्टी हमखास सरकते. कापलेली पट्टी उचलू नका. मॅटसकट फिरवा. थर हलले की मघाची सगळी मेहनत वाया.

आता त्रिकोण. फूटपट्टीवरची ६० अंशांची रेघ कापडाच्या खालच्या कडेवर ठेवून पहिला तिरका कट घ्या, तो सुरुवातीचा तुकडा बाजूला. मग फूटपट्टी उलट्या बाजूला कलती करून, वरच्या टोकापासून दुसरा तिरका कट. झाला त्रिकोणांचा पहिला गठ्ठा. परत इकडे, परत तिकडे, एक त्रिकोण टोक वर असलेला, पुढचा टोक खाली असलेला, असं एकाआड एक. २२ इंची पट्टीत आठ-नऊ सेट निघतात. प्रत्येक सेट कापला की त्याच क्षणी सहाही तुकडे एकत्र टाचून ठेवा, नंतर करू म्हणून ढीग केलात तर कुठला कुणाचा ते शोधताना डोळे जातील.

रोटरी कटर नसेल तर कात्रीनं सहा थर कापायला जाऊ नका, कात्रीचं खालचं पातं थर उचलतंच. त्यापेक्षा जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा किंवा पारदर्शक फाइल कव्हरचा ११ सेंटीमीटर बाजूचा समभुज त्रिकोण कापा (कंपासमध्ये ११ सेंटीमीटर घेऊन दोन कंस मारले की तिसरा कोपरा मिळतो), तो कापडावर ठेवा, त्याच्यावर खालच्या प्रिंटच्या दोन-तीन रेघा मार्करनं गिरवून घ्या आणि मग त्या रेघा जुळवत प्रत्येक रिपीटवर एकेक त्रिकोण आखून सुटा कापा. वेळ जास्त लागतो, पण अचूकपणा कुठे कमी नाही, उलट तुम्हाला हवं तेच पान, हवं तेच फूल नेमकं पकडता येतं. दहा-बारा ब्लॉकचं टेबल रनर किंवा उशीचं कव्हर करायचं असेल तर मी हाच मार्ग सुचवेन.

आणि अगदी पहिल्यांदाच करताय तर षटकोनाच्या ऐवजी चौकोनापासून सुरू करा. चारच थर, साडेतीन इंचाचे चौकोन, चार सारखे चौकोन एका कोपऱ्याभोवती फिरवून लावले की सहा इंची ब्लॉक. उरेब कडा नाहीत, तिरके कट नाहीत, आणि थर जुळवायची सवय होते. आठ थरांचे ४५ अंशांचे पाचर कापूनही करतात, दिसतं फार भरगच्च, पण मधोमध आठ शिवणी एकत्र येऊन गाठ बसते आणि अष्टकोनांच्या मध्ये चौकोन भरावे लागतात, त्यामुळे ते नंतर.

मध्य निवडणं आणि जोडणं

प्रत्येक सेटचे सहा त्रिकोण टेबलवर गोल मांडून बघा. त्रिकोणाला तीन टोकं, त्यातलं कुठलंही मध्ये घेता येतं, म्हणजे एका सेटमधून तीन वेगळी फुलं शक्य आहेत. तिन्ही मांडा, तिन्हींचा मोबाइलवर फोटो काढा आणि मग ठरवा, फोटोत गडद-फिकं जास्त स्पष्ट कळतं. खरं सांगते, या सगळ्या प्रकारात मला सगळ्यात आवडतं ते हेच, त्रिकोण फिरवले की त्याच कापडातून एकदा चांदणी निघते, एकदा जास्वंद, एकदा नुसती भोवऱ्यासारखी रेघ.

शिवताना पाव इंचाचं मार्जिन, आणि ते सगळीकडे सारखं. तीन त्रिकोण जोडून अर्धा षटकोन, दुसरे तीन जोडून दुसरा अर्धा. शिवणी दोन्हीकडे उघडून इस्त्री दाबा, परत तेच, रेटू नका. दोन अर्धे एकमेकांना शिवू नका! फक्त टाचून ठेवा. कारण पूर्ण षटकोन केले तर ते जोडताना प्रत्येक कोपऱ्यात अडकून शिवावं लागतं. अर्धे ठेवले तर भिंतीवर सगळी मांडणी झाल्यावर एका फुलाचा वरचा अर्धा, शेजारच्या फुलाचा खालचा अर्धा, असे एकाआड एक जोडत गेलात की सरळ लांब पट्टी होते, आणि पट्ट्या एकमेकींना साध्या सरळ शिलाईनं जोडल्या की फुलं आपोआप पूर्ण होतात. तयार फूल सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत ६ इंच भरतं.

मांडणीसाठी जुनं ब्लँकेट भिंतीवर ताणून लावा, त्याच्यावर सुती तुकडे टाचणीशिवाय चिकटून राहतात. गडद ब्लॉक एका कोपऱ्यात जमवून हळूहळू फिक्याकडे गेलात तर फार छान दिसतं, नुसते कसेही टाकले तर एवढी सगळी फुलं एकमेकांशी भांडतात आणि एकही धड दिसत नाही. एक-दोन दिवस तसंच राहू द्या, येताजाता नजर टाका, जो ब्लॉक खुपतो तो हलवा.

खाली अस्तराला मांजरपाट घ्या, पण तोही आधी धुवून आटवलेला, मध्ये पातळ कापसाचा थर किंवा जुनी मऊ सुती साडी. वरून गोधडीसारखा धावदोरा घालायचा असेल तर तो फुलांच्या मधून नेऊ नका, षटकोनाच्या कडेकडेनं पाव इंच आतून न्या. मध्ये सहा शिवणी एकत्र आल्यानं तिथे सुई अडते, आणि तिथलं डिझाइन टाक्याखाली झाकायचंही नाहीये.